कवटीतला दाब, डोळ्यामागची नस
लेखमाला : बाहेरून आत – लेखांक ९

तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालताना टाळूवर तेल भरायची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. तेल भरणाऱ्या हाताला त्या मऊ जागेची रोजची ओळख असते. जुलाब-उलट्यांनंतर टाळू खोल गेली, तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे घरातल्या आजीला डॉक्टरच्या आधी कळतं. ताप असलेल्या बाळाची टाळू वर आलेली आणि ताठ लागली, तर मेंदूज्वराची शंका घेऊन त्याला लगेच दवाखान्यात न्यावं लागतं. त्या जागी हाड नसल्यामुळे आतला दाब थेट बोटाला लागतो. पुढची टाळू साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरून येते. तिथून पुढे आयुष्यभर कवटीच्या आत दाब वाढला, तरी तो बाहेरून हाताला कळायची सोय राहत नाही.

मागच्या लेखांकात आपण छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून फुप्फुसातलं पाणी कसं ओळखतात ते पाहिलं. तोच प्रोब मिटलेल्या पापणीवर ठेवून कवटीतल्या दाबाचा अंदाज घेता येतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. मलाही या तपासणीतलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं ते यंत्र नव्हे, तर डोळ्यामागची शरीररचना. म्हणून आधी तिच्याकडे जाऊ.

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे बंद हाडाची पेटी. आत तीन गोष्टी असतात: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, ज्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात. जागेचा सुमारे ८० टक्के भाग मेंदूचा, उरलेला रक्त आणि पाण्याचा, जवळपास निम्मा-निम्मा. हे पाणी एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं, पण दिवसाला अर्धा लिटर नव्याने तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रोंनी १७८३ साली आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ साली जे मांडलं ते आजही न्यूरोसर्जरीच्या पहिल्या धड्यात शिकवतात: पेटीची जागा ठरलेली आहे, त्यामुळे एक गोष्ट वाढली तर दुसरीला कमी व्हावंच लागतं.

डोक्याला मार लागून आत रक्ताची गाठ झाली, की सुरुवातीला थोडं पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि दाब फारसा वाढत नाही. माणूस बोलतो, पाणी मागतो, कधी चालतोसुद्धा. ही सवलत संपली की मात्र चमचाभर रक्तानेही दाब सरळ वर चढतो. आडव्या झोपलेल्या मोठ्या माणसात हा दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरइतका असतो. अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो २२ च्या वर राहिला तर उपचार करावेत. त्याच्या पुढे मेंदूला रक्त पोचणंच कठीण होतं, कारण हृदय ज्या दाबाने रक्त वर पाठवतं त्यातून कवटीतला दाब वजा होऊन जे उरतं, तेवढ्याच जोरावर मेंदूचं पोषण चालतं.

अडचण अशी की बाहेर दिसणारी ठळक लक्षणं उशिरा येतात. एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन उजेडाला आकसेनाशी होते, रक्तदाब चढतो, नाडी मंद होते, श्वास अनियमित होतो. शेवटच्या तिन्हींचा एकत्रित अभ्यास हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. ती दिसतात तेव्हा मेंदू खाली सरकू लागलेला असतो. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आणलेल्या दुचाकीस्वाराच्या बाबतीत डॉक्टरला ही लक्षणं दिसण्याच्या आधीच हालचाल करायची असते.

दाब खरोखर मोजायचा तर कवटीला छिद्र पाडून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत बारीक नळी सोडावी लागते. स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी १९६० साली या पद्धतीने सतत घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि आजही हीच मोजणी प्रमाण मानली जाते. पण तिला न्यूरोसर्जन लागतो, आयसीयू लागतो, जंतुसंसर्गाची आणि रक्तस्रावाची जोखीम पत्करावी लागते. यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णाचं रक्त नीट गोठत नाही. मेंदूला सूज येण्याचा धोका त्यालाच मोठा आणि छिद्र पाडण्याचा धोकाही त्यालाच मोठा. कमरेतून सुई घालून पाणी काढतानाही दाब मोजता येतो, पण मेंदूत गाठ किंवा मोठी सूज असेल तर खालून पाणी काढल्याने मेंदू खाली खेचला जाऊ शकतो. सीटी स्कॅन त्या क्षणाचं चित्र देतो, आणि बहुतेक रुग्णांसाठी तोच पहिला निर्णायक तपास आहे. मात्र व्हेंटिलेटरवरचा रुग्ण दर दोन तासांनी स्कॅनच्या खोलीत नेता येत नाही.

आता डोळ्याकडे. जर्मनीच्या हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण जगापुढे मांडलं आणि जिवंत माणसाचा डोळ्याचा पडदा पहिल्यांदा नीट दिसू लागला. पडद्यावर जिथून नस बाहेर पडते ती गोल चकती मेंदूच्या गाठीच्या रुग्णांमध्ये सुजलेली असते, हे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८६० साली लिहून ठेवलं. डोकेदुखीच्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवून पडदा तपासून घेतात तो यासाठीच. परंतु ही सूज चढायला बहुधा कित्येक तास, अनेकदा दिवस लागतात. अपघातानंतरच्या पहिल्या तासात पडदा स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. शिवाय नीट पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात, आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णात बाहुलीवरच तर सगळ्यांची नजर असते. ते थेंब तिथे टाळतात.

चकती का सुजते यावर शंभर वर्षं वाद चालला. त्याचा उलगडा करण्यात मोठा वाटा पंजाबात जन्मलेल्या सोहन सिंग हैरे यांचा आहे. लंडनमध्ये काम करताना त्यांनी माकडांच्या कवटीत लहान फुगा बसवून तो हळूहळू फुगवला आणि डोळ्यातली चकती सुजताना पाहिली. मग त्यांनी नसेभोवतीचं आवरण एका बाजूने उघडून पाण्याला वाट करून दिली. आवरण उघडलेल्या बाजूची सूज उतरली. १९६४ साली हे काम प्रसिद्ध झालं. कवटीतला दाब नसेभोवतीच्या पाण्यातून डोळ्यापर्यंत पोचतो, हे त्यातून दिसलं. या तपासणीची पाठ्यपुस्तकं ज्या पायावर उभी आहेत, तो पाया घालणारं नाव आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

डोळ्यामागची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, हातापायांच्या नसांसारखी नाही. गर्भात डोळा मेंदूतूनच बाहेर वाढत येतो, त्यामुळे ही नस मेंदूचाच लांबलेला भाग आहे. मेंदूवर जी तीन आवरणं आहेत तीच तिन्ही हिच्यावरही येतात, हाताला बाही असावी तशी. मधल्या आणि आतल्या आवरणांमधल्या अरुंद जागेत मेंदूभोवतीचंच पाणी फिरतं. नस स्वतः साधारण तीन मिलिमीटर जाड, आवरणासकट मोजली तर निरोगी मोठ्या माणसात पाचच्या आत-बाहेर. कवटीत दाब वाढला की पाणी या वाटेने पुढे येतं. डोळ्याच्या मागच्या भिंतीशी वाट बंद होते आणि तिथेच बाहेरचं आवरण सगळ्यात जास्त ताणलं जातं. नस फारशी बदलत नाही. तिच्याभोवतीची बाही फुगते. तीही दिवसांत नव्हे, मिनिटांत. २०१५ साली नेदरलँड्समधल्या इस्कंदर मैसान आणि सहकाऱ्यांनी आयसीयूतल्या रुग्णांच्या श्वासनलिकेतली नळी हलवताना, म्हणजे खोकल्याची उबळ येऊन दाब क्षणभर चढतो तेव्हा, हे आवरण रुंदावताना आणि पुन्हा पूर्ववत होताना टिपलं.

डोळ्यावर ध्वनिलहरींचा वापर १९५६ पासून चालू आहे. ऑस्ट्रियातून अमेरिकेतल्या आयोवाला गेलेल्या कार्ल ओसोइनिग यांनी डोळा बाजूला तीस अंश वळवून नसेभोवती पाणी आहे की नाही हे ओळखायची युक्ती शोधली. वळवल्यावर नस ताणली जाते, पाणी पसरतं आणि रुंदी कमी भरते. मात्र आजची मोजणी ठरली ती जर्मनीच्या क्नूट हेल्मके आणि हान्स-ख्रिस्टियान हान्सेन यांच्या १९९० च्या दशकातल्या कामातून. त्यांनी मृत व्यक्तींच्या नसांवर पाहिलं की आवरणाचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त फुगतो, आणि डोळ्याच्या मागे तीन मिलिमीटरवर मोजायचं ठरवलं. मग १९९७ साली त्यांनी तपासणीसाठी कमरेतून द्रव सोडला जात असलेल्या रुग्णांमध्ये आवरण प्रत्यक्ष रुंदावताना पाहिलं. त्यातलं एक निरीक्षण पुढे अनेकांनी दुर्लक्षिलं: रुंदी दाबाबरोबर वाढते खरी, पण कुठपासून वाढायला लागते हे माणसागणिक वेगळं, आणि एका मर्यादेनंतर ती वाढायची थांबते. म्हणजे रुंदीवरून दाबाचा आकडा काढता येत नाही.

तपासणी दिसायला अगदी साधी आहे. रुग्ण उताणा, डोक्याकडची बाजू थोडी वर, डोळे मिटलेले. पापणीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून किंवा तशीच भरपूर जेल घालतात आणि प्रोब त्या जेलवर जणू तरंगता ठेवतात. हात कपाळावर टेकवलेला, वजन डोळ्यावर येऊ द्यायचं नाही. प्रोब वरवरचं बारीक दाखवणारा, साडेसात मेगाहर्ट्झच्या वरचा. यंत्राची शक्ती डोळ्यासाठी कमी करावी लागते; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शरीराच्या इतर भागांसाठी मेकॅनिकल इंडेक्सची मर्यादा १.९ धरली आहे, तर डोळ्यासाठी फक्त ०.२३. डोळा फुटल्याची किंवा त्याला भोक पडल्याची नुसती शंका असली तरी प्रोब ठेवायचाच नाही.

यंत्राच्या पडद्यावर डोळा गोल, काळा दिसतो आणि त्याच्या मागून नसेचा काळसर पट्टा खोल जातो. दोन्ही बाजूंना आवरणाच्या उजळ कडा. डोळ्याच्या मागच्या भिंतीपासून तीन मिलिमीटर खाली जाऊन तिथे आडवी रेघ मारायची. प्रत्येक डोळ्यात आडवं आणि उभं अशी दोनदा मोजणी, मग सरासरी. सरावलेल्या माणसाला दोन्ही डोळ्यांना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

खरी कसोटी इथून पुढे आहे. निरोगी आणि आजारी यांच्यातलं अंतर अर्ध्या-एक मिलिमीटरचं. दहा मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी शरीरात सुमारे ०.१५ मिलिमीटर असते, म्हणून खोलीच्या दिशेने चित्र बरंच बारीक दिसतं. परंतु आपण मोजतो ती रुंदी आडवी, लहरींच्या वाटेला काटकोनात, आणि त्या दिशेने कुठल्याही सोनोग्राफीचं चित्र जास्त पुसट असतं. त्यात डोळ्यातल्या भिंगाच्या कडेची सावली नेमकी नसेच्या जागी पडली, तर ती सावलीच नस म्हणून मोजली जाते. म्हणून प्रोब थोडा बाहेरच्या बाजूने, कानाकडून, लावतात. पट्टा तिरपा कापला गेला तर तो खोटा रुंद दिसतो. यंत्राची चमक वाढवली तर कडा जाड होतात आणि रेघ कुठे टेकवायची ते बदलतं. रेघ आवरणाच्या आतल्या कडेला टेकवायची की बाहेरच्या, यावर तज्ज्ञांमध्येही बराच काळ एकमत नव्हतं. एवढ्या सगळ्यांतून एक दशांश मिलिमीटरचा भरवसा ठेवायचा असेल, तर हात तयार व्हायला हवा, आणि दरवेळी तीच पद्धत, शक्यतो तोच हात हवा.

आता ‘पाच’ या आकड्याविषयी. २००३ साली अमेरिकेत मायकल ब्लैवास आणि सहकाऱ्यांनी कॅज्युअल्टीतल्या ३५ रुग्णांवर ही तपासणी केली. ज्या १४ जणांच्या सीटी स्कॅनमध्ये दाब वाढल्याची चिन्हं होती, त्या सगळ्यांचं आवरण पाच मिलिमीटरहून रुंद भरलं. उरलेल्या २१ पैकी फक्त एकाचं. निकाल डोळे दिपवणारा होता आणि पाच हा आकडा जगभर रूढ झाला. पण तिथे तुलना सीटीच्या चित्राशी होती, कवटीत नळी घालून मोजलेल्या दाबाशी नव्हे. पुढे फ्रान्समध्ये तोमा झेरार्त्स यांच्या गटाने प्रत्यक्ष दाबाशी ताडून पाहिलं तेव्हा सीमा ५.९ च्या आसपास निघाली, तर अमेरिकेतल्या मिशिगनला वेंकटकृष्ण राजाजी यांच्या गटाला ४.८ योग्य वाटली. लहान मुलांची सीमा वेगळी: एक वर्षाच्या आत चार, त्यापुढे साडेचार, असं साधारण धरतात.

२०१९ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये ७१ अभ्यासांचा आणि साडेचार हजारांवर रुग्णांचा एकत्र आढावा आला. मेंदूला मार लागलेल्यांमध्ये वाढलेला दाब ओळखण्याची क्षमता सुमारे ९७ टक्के, इतर आजारांत ९२. आणि दाब नसलेल्याला ‘नाही’ म्हणण्याची क्षमता दोन्हींत सुमारे ८६. हे आकडे वाचून हुरळून जायच्या आधी थोडं गणित करून पाहू. शंभर रुग्ण घ्या, त्यांतल्या दहांचा दाब खरोखर वाढलेला आहे. ९२ टक्क्यांनी त्यांतले नऊ पकडले जातील, एक निसटेल. उरलेल्या नव्वदांपैकी १४ टक्के, म्हणजे बारा-तेरा जण, दाब नसताना ‘आहे’ म्हणून मोजले जातील. म्हणजे ज्यांना ‘आहे’ म्हटलं त्या बावीसपैकी जेमतेम नऊच खरे. पण ज्यांना ‘नाही’ म्हटलं त्या जवळपास अठ्ठ्याहत्तरांत चुकीचा एकच. या तपासणीचं बळ कशात आहे ते इथे दिसतं: रुंद आवरण आढळलं तर ते घाईने पुढचा तपास करण्याचं कारण आहे, निदान नव्हे; अरुंद आढळलं तर धीर मिळतो, पण रुग्णाची शुद्ध हरपत असेल तर त्या धीरावर विसंबून थांबायचं नाही. आणि दाबाचे रुग्ण शंभरात दहा नसून पन्नास असलेल्या न्यूरो आयसीयूत हेच गणित पार वेगळं निघतं.

त्यामुळे मला एकदा घेतलेल्या आकड्यापेक्षा त्याच रुग्णाचे, त्याच हाताने, काही तासांच्या अंतराने घेतलेले आकडे जास्त मोलाचे वाटतात. सकाळी ४.९, दुपारी ५.४, संध्याकाळी ५.८ हा चढ बोलका आहे, सीमा कुठलीही धरा. दाब उतरवणारं मॅनिटॉल हे औषध दिल्यावर हा आकडा उतरला का, हेही पाहता येतं. मात्र मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या काही रुग्णांत आवरण एकदा ताणलं की दाब उतरल्यावरही सैल राहतं. तिथे हा मापदंड फसवतो. थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेल्यांत, नसेच्याच दाहात किंवा नसेवरच्या गाठीतही रुंदी वाढते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. काचबिंदूत वाढतो तो डोळ्याच्या आतला दाब. आपण बोलतोय तो डोळ्यामागच्या नसेभोवती पोचणारा कवटीतला दाब. डोळ्याच्या दवाखान्यात हवेची फुंकर मारून जो आकडा देतात, त्याचा या तपासणीशी संबंध नाही.

जिथे छिद्र पाडता येत नाही, यंत्रं दूर आहेत, तिथे या तपासणीचा उपयोग सगळ्यात जास्त. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे इथे, सव्वाचार हजार मीटर उंचीवर, उंचीचा त्रास होणाऱ्या गिर्यारोहकांचं आवरण त्रास नसलेल्यांपेक्षा रुंद असल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह शहरातल्या डॉक्टरांनी क्षयाच्या मेंदूज्वरात हीच मोजणी करून पाहिली. हा आजार आपल्या वॉर्डांत काही अनोळखी नाही; पाणी तुंबून दाब वाढणं हे त्यात नेहमीचं, आणि रुग्ण आठवडेच्या आठवडे भरती असतो. दर चार दिवसांनी त्याचा सीटी करणं परवडत नाही. खाटेपाशी डोळ्यावर प्रोब ठेवणं परवडतं.

आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सीटी स्कॅन सहसा नसतो. १०८ च्या गाडीने आलेल्या रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी आत्ता पाठवायचं की सकाळपर्यंत लक्ष ठेवायचं, हा निर्णय तिथल्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला घ्यावा लागतो. शुद्धीची पातळी, बाहुल्या, उलट्या यांच्या जोडीला ही मोजणी हाताशी असेल तर त्याचा निर्णय लवकर होईल. मात्र शुद्धी कमी झालेल्या रुग्णाला मोजणी नॉर्मल आली म्हणून थांबवून ठेवलं, तर तो या साधनाचा गैरवापर ठरेल.

महाराष्ट्रात एक प्रश्न वेगळा आहे. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली नोंदवावं लागतं आणि हलवता येण्याजोग्या यंत्रांवर आणखी बंधनं आहेत. १९८८ साली असा कायदा करणारं पहिलं राज्य आपलं. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. ही बंधनं कशासाठी आली ते त्या आकड्यात लिहिलेलं आहे, आणि ती सैल करू नयेत असंच माझं मत आहे. पण त्या भीतीने कॅज्युअल्टीत यंत्रच ठेवायचं नाही, हाही उपाय नव्हे. रीतसर नोंदवलेलं एक यंत्र, वरवरचा प्रोब आणि मोजायला शिकवलेले दोन-तीन हात, एवढी सोय उपजिल्हा रुग्णालयापर्यंत तरी व्हायला हवी. यंत्र विकत घेणं त्यातलं सोपं काम आहे. शिकवणं अवघड, कारण निरोगी माणसांचे पुष्कळ डोळे कुणाच्या तरी देखरेखीखाली मोजल्याशिवाय आजारी डोळ्यातला अर्धा मिलिमीटर ओळखता येत नाही.

पुढच्या आठवड्यात डोळ्याकडून कानशिलाकडे. तिथलं हाड इतकं पातळ असतं की ध्वनिलहरी त्यातून आत जाऊ शकतात, आणि १९८२ साली रूने आस्लिड यांनी तिथूनच मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताचा वेग मोजला.